पहाटेची ढास आणि सकाळची साफ छाती

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. आम्ही वाळवा तालुक्यात राहतो. गेली दोन वर्षं दिवाळी झाली की तिचा खोकला सुरू होतो, तो होळीपर्यंत जात नाही. दिवसा फारसं काही नसतं, पण पहाटे तीन-साडेतीनला ढास लागते. उठून बसते, कधी उलटी होते आणि मग झोपते. ती आजीजवळ झोपते. सासूबाई म्हणतात, तिच्या छातीतून बारीक सूं सूं ऐकू येतं. सकाळी दवाखान्यात नेलं की छाती साफ आहे म्हणतात. एक्स-रेही चांगला आला. अँटिबायोटिक आणि खोकल्याची औषधं बऱ्याचदा झाली. आता एका डॉक्टरांनी 'दम्याची सुरुवात दिसते, पंप सुरू करू' असं सांगितलंय आणि तेव्हापासून घरात वाद आहे. सासूबाईंना वाटतं, पंपाची सवय लागेल आणि मुलीच्या नावाला दमा चिकटला तर पुढे लग्नाला अडचण येईल. माझ्या नवऱ्यालाही लहानपणी दम लागायचा, तो मोठेपणी बंद झाला. कुणी हैदराबादचं माशाचं औषध सुचवतंय. हल्ली ती खेळातून मध्येच बाजूला येऊन बसते, विचारलं तर पाय दुखतात म्हणते. नुसत्या खोकल्यावरून दमा ओळखायचा कसा?
– एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, पत्र वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते नीट पाहिलं तर तुमचे डॉक्टर योग्य दिशेने चालले आहेत, असं माझं मत आहे. त्यांच्याकडे पुन्हा जा, आणि शक्यतो याच आठवड्यात. जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. काय घेऊन जायचं ते पुढे सांगते.

आधी तुम्हाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट घेऊ. रात्री एवढं खोकणाऱ्या मुलीची छाती सकाळी साफ कशी? दम्यात श्वासनळ्यांचं आतलं अस्तर सुजलेलं आणि चिडखोर झालेलं असतं. धूर, धूळ, गार हवा, साधी सर्दी, असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट स्राव वाढतो आणि वाट अरुंद होते. काही वेळाने, औषधाने किंवा कधी आपोआपही, ती पुन्हा मोकळी होते. हे कमीजास्त होणं हीच दम्याची खूण. सूज आटोक्यात ठेवणारं कॉर्टिसोल शरीर स्वतःच बनवतं, ते रात्री कमी झालेलं असतं आणि पहाटेच्या सुमाराला श्वासनळ्या सगळ्यात अरुंद असतात. म्हणून ढास तीन-साडेतीनला लागते आणि सकाळी अकराला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावेपर्यंत छाती मोकळी होऊन बसते. त्या वेळी काही ऐकू आलं नाही म्हणून दमा नाही, असं म्हणता येत नाही. एक्स-रेचंही तसंच. दम्याच्या बहुतेक मुलांचा एक्स-रे चांगलाच येतो. तो काढतात तो छातीत दुसरं काही नाही ना, हे बघायला.

म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत खरी साक्ष रात्रीची आहे, आणि ती तुमच्याकडे आणि तिच्या आजीकडे आहे. सासूबाईंनी ऐकलेलं 'सूं सूं' मला या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. नातीच्या शेजारी झोपून त्यांनी जे टिपलं ते दिवसाच्या तपासणीत कुणालाच सापडलं नाही. पंपाला त्यांचा विरोध असला तरी त्यांना बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि हा आवाज कसा येतो ते त्यांनाच सांगू द्या.

पुढच्या वेळी ढास लागली की काय बघायचं ते सांगते. दिवा लावा, पंखा बंद करा, तिला टेकवून बसवा आणि अंगातला कपडा छातीच्या वर घ्या. नाक चोंदल्याचा घुर्र आवाज वेगळा असतो, तो नाक शिंकरल्यावर बदलतो. छातीतला आवाज बारीक शिट्टीसारखा असतो आणि मुख्यतः श्वास सोडताना येतो. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांबतोय का, बघा. मग गळ्याखालच्या खळगीकडे आणि बरगड्यांच्या मधल्या जागेकडे पाहा. श्वास घेताना तिथली कातडी आत ओढली जाते का? पोट उडतंय का? आता हेच सगळं मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रित करा, छाती आणि पोट दोन्ही दिसतील आणि आवाज येईल असं. डॉक्टरांना हे अर्धं मिनिट दाखवलंत तर दहा वेळा 'रात्री खूप खोकते' सांगण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. खोकला नसेल अशा रात्री ती गाढ झोपेत असताना एक पूर्ण मिनिट श्वासही मोजून ठेवा. या वयात झोपेत तो साधारण 25 च्या आत असतो. नेहमीचा आकडा माहीत असला की वाढलेला लगेच कळतो.

दुसरं काम सोपं आहे. दुधाचा हिशेब लिहायला भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्याच चौकटीत रोज एखादं अक्षर घाला. रात्री खोकून उठली तर 'रा', खेळताना थांबली तर 'खे', सर्दी असेल तर 'स'. शेजारी शेतात पाचट पेटवलं, घरात धूप घातला, गाद्या झटकल्या, तर तेही लिहा. महिनाभराचं पान समोर आलं की डॉक्टरांना बरंच काही एका नजरेत कळतं. पण महिना भरायची वाट बघत घरी थांबू नका. आत्ता आठवतंय तेवढं लिहून घेऊन जा आणि नोंद पुढे चालू ठेवा.

'पाय दुखतात' याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण ही खूण सगळ्यात सहज सुटते. लहान मूल 'मला श्वास लागतो' असं सहसा म्हणत नाही. मोकळा श्वास कसा असतो याचा त्याला वेगळा अनुभवच नसतो. खो-खोत दोन पाठलाग झाले की छाती आवळते, खोकला येतो, सगळे बघतात. मग मूल हळूहळू खेळच सोडतं. पंचगिरी करतं, दप्तरं सांभाळतं, पाय दुखतात म्हणतं. घरच्यांना वाटतं, पोर शांत झाली किंवा आळशी झाली. तुम्ही एक करा. ती पाच-सहा मिनिटं जोरात पळाली की थांबल्यावर तिच्याजवळ उभ्या राहा. नुसता दम लागला असेल तर दोन-चार मिनिटांत श्वास जागेवर येतो. दम्यात बऱ्याचदा उलटं होतं. धावणं थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत खोकला किंवा घरघर वाढते आणि निवायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. मात्र मुद्दाम धाप लागेपर्यंत पळवू नका. ती आपणहून खेळेल तेव्हा लक्ष ठेवलंत तरी पुरे. खदखदून हसल्यावर किंवा खूप रडल्यावर ढास लागते का, हेही बघा.

बाकीच्या खुणा तुमच्या घरात शोधा. लहान असताना कोपराच्या आतल्या किंवा गुडघ्याच्या मागच्या घडीत खाज, चट्टे, इसब होतं का? सकाळी उठल्यावर ओळीने शिंका येतात, नाक सतत चोळते, असं आहे का? इतर मुलांची सर्दी आठवड्यात जाते, तिची मात्र दरवेळी छातीत उतरून दोन-तीन आठवडे रेंगाळते का? वडिलांच्या लहानपणीच्या दम्याबद्दल तुम्ही लिहिलंच आहे. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण आईवडिलांपैकी एकाला दमा असेल तर मुलांत त्याची शक्यता वाढते.

नवऱ्याचा दमा गेला तसा हिचाही जाईल का? पाच वर्षांच्या आत सर्दीबरोबर घरघर होणारी पुष्कळ मुलं पुढे पूर्ण बरी होतात, म्हणून त्या वयात डॉक्टरही दमा हे नाव द्यायला थांबतात. दम्याची काही मुलं किशोरवयात बरी होतात, त्यांतल्या काहींचा दमा मोठेपणी परततो. तुमच्या मुलीचं काय होईल हे आज कुणीही सांगू शकणार नाही. पण पुढे कधीतरी जाईल म्हणून आजची झोप, शाळा आणि खेळ बुडू द्यायचा, हे मला पटत नाही. सूज वर्षानुवर्षं तशीच राहिली तर श्वासनळ्यांची कायमची हानीही होऊ शकते.

प्रत्येक लांबलेला खोकला मात्र दम्याचा नसतो. वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतोय, घरात किंवा शेजारी कुणाला टीबी आहे, तर आधी टीबीची तपासणी. शेंगदाणा किंवा तसलं काही खाताना ठसका लागला आणि त्या दिवसापासून खोकला सुरू झाला असेल तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो, तिथे पंपाचा उपयोग नाही. रोज बेडक्याचा ओला खोकला महिनाभर टिकला, थुंकीतून रक्त पडलं, वाढ खुंटली, तर तपास वेगळ्या दिशेने करावा लागतो. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण डॉक्टरांनी विचारलं तर नीट आठवून सांगा.

सात वर्षांच्या मुलीची फुंकण्याची तपासणीही होऊ शकते. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. यंत्रात जोरात फुंकायचं, मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचं आणि फरक बघायचा. तुमच्या गावात सोय नसेल तर सांगली-मिरजेला चौकशी करा. बरी असलेल्या दिवशी ही तपासणीही चांगली येऊ शकते. त्यामुळे काही वेळा डॉक्टर काही आठवडे औषध देऊन, त्याने रात्रीचा खोकला थांबतो का आणि बंद केल्यावर परततो का, यावरूनही निदान पक्कं करतात. 'नक्की नाही, मग औषध कशाला' असा प्रश्न घरात निघेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता पंप. आपल्याकडे सिरप आणि गोळी म्हणजे हलकं औषध आणि पंप म्हणजे शेवटचा उपाय, अशी समजूत घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात उलटं आहे. साल्बुटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध घ्या. त्याच्या नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, ते 2 मिलिग्रॅम, म्हणजेच 2000 मायक्रोग्रॅम असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात ते 100 मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका चमच्यात 20 फवाऱ्यांएवढं औषध झालं. तेही पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग छातीपर्यंत येतं. हात थरथरणं, छाती धडधडणं हा त्याचाच परिणाम. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे पोचतं, म्हणून थोडक्यात भागतं. तुम्ही न घाबरता पाजत आलेल्या खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवरची नावं एकदा डॉक्टरांना दाखवाच.

पंप दोन प्रकारचे असतात आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. एक, बहुधा निळ्या रंगाचा, तात्पुरता आराम देणारा. दुसरा रोज घ्यायचा, सूज उतरवणारा, त्यात अगदी कमी मात्रेत स्टेरॉइड असतं. निळ्याने लगेच बरं वाटतं म्हणून तो आवडतो आणि दुसऱ्याने लगेच काही जाणवत नाही म्हणून तो बंद पडतो. पण सूज उतरते ती दुसऱ्यानेच. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून किशोरवयीन आणि मोठ्यांना नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि सहा वर्षांपुढच्या मुलांतही त्याच्या जोडीला सूज उतरवणारं औषध असावं असाच सल्ला आहे.

'सवय लागते' ही भीती समजू शकते, कारण औषध थांबवलं की त्रास परत येतो हे लोकांनी पाहिलेलं असतं. पण त्रास परत येतो तो सूज उतरायच्या आधीच औषध सोडल्यामुळे. यात व्यसनाचा काही भाग नाही. साधारण तीन महिने सगळं छान राहिलं की डॉक्टर मात्रा कमी करत नेतात. स्टेरॉइडने उंची खुंटते का, हेही तुमच्या मनात येईल. रोजच्या पंपाने मोठेपणीच्या उंचीत साधारण 1 सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे अभ्यासांत दिसलं आहे, ते मी लपवणार नाही. पण आटोक्यात नसलेला दमा आणि प्रत्येक झटक्याला पोटातून द्यावी लागणारी स्टेरॉइडं, यांनीही वाढीवर परिणाम होतोच. हा 1 सेंटिमीटर मी माझ्या लेकीसाठी बिनतक्रार पत्करला असता.

पंप तोंडात नुसता उडवू नका, स्पेसर नावाची नळी घ्या. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक फवारा सोडायचा आणि मुलीने तोंडाने सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. दुसरा फवारा लागणार असेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. दोन फवारे एकदम सोडायचे नाहीत. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लावा, म्हणजे तोंड येणार नाही. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि फडक्याने न पुसता आपोआप वाळू द्या. पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या बाजूलाच चिकटून बसतं. पहिल्या दिवशी दवाखान्यात समोर करून दाखवा आणि चुकत असेल ते तिथेच सुधारून घ्या.

हैदराबादच्या माशाबद्दल थेट सांगते, नेऊ नका. मृगाला तिथे पिवळी पेस्ट भरलेला लहानसा जिवंत मासा गिळायला देतात, लांबलांबून लोक जातात, त्यामागची आशा खोटी नसते. पण त्याने दमा जातो याला वैज्ञानिक पुरावा नाही, पेस्टमध्ये काय आहे हे उघड केलेलं नाही. जिवंत मासा घशात अडकण्याची भीती आणि वर प्रचंड गर्दी. श्वासाचा त्रास असलेल्या लहान मुलीला या सगळ्यातून नेण्यासारखं त्यात काही नाही.

तिचा त्रास दिवाळी ते होळी होतो, याचा संबंध थंडीशी असेल, सर्दीच्या साथींशी असेल आणि तुमच्या भागातल्या ऊसतोडीशीही असू शकेल. हेच महिने पाचट पेटवण्याचे आणि कारखान्यांच्या काजळीचे. सगळ्या शिवारातला धूर तुम्ही थांबवू शकणार नाही, पण घरचं पाचट न जाळता कुट्टी करून सरीत ठेवता येतं, आणि शेजारी पेटवणार असतील त्या दिवशी मुलीला आत, दारं-खिडक्या लावून ठेवता येतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंदच हवी. अंगणात ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांतूनही तो धूर आत येतो. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावा. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, दिवाळीची झाडलोट ती शाळेत असताना ओल्या फडक्याने करा. दही, केळं, पेरू मात्र उगाच बंद करू नका. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होतोय असं तुम्ही स्वतः पाहिलं असेल तरच तो टाळा. पोरीला दम्याच्या नावाखाली सगळ्या आवडत्या खाण्यापासून तोडलेलं मी फार पाहते आणि त्याचं वाईट वाटतं.

लग्नाच्या काळजीवर सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची पिढी ज्या दम्याला घाबरते तो धापा टाकत उशाला टेकून रात्र काढणाऱ्या माणसांचा दमा आहे, त्यांनी तो डोळ्यांनी पाहिलाय. वेळेवर औषध मिळालेली मुलगी खो-खो खेळेल, रात्रभर झोपेल, आणि नात सलग आठ-दहा रात्री न खोकता झोपली की आजीच पंपाची वेळ सांभाळायला लागेल अशी माझी खात्री आहे. मात्र शाळेपासून आजार लपवू नका. बाईंना सांगा, निळा पंप आणि स्पेसर दप्तरात ठेवा आणि तो कधी, किती द्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्या कागदाची एक प्रत बाईंकडे, एक घरात आजीच्या उशाशी.

शेवटी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बोलताना ती एक वाक्यही सलग पुरं करू शकत नसेल, बरगड्या आणि गळ्याची खळगी खोल ओढली जात असेल, शांत बसलेली असताना श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला असेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, ती पेंगुळली किंवा गोंधळल्यासारखी वाटत असेल, किंवा निळा पंप देऊनही उतार पडत नसेल, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. घरघर अचानक थांबली आणि मूल मात्र थकत चाललंय, हेही सुधारण्याचं लक्षण नाही, हवा आत-बाहेर जाणंच कमी झालेलं असू शकतं. अशा वेळी गरम पाण्याची वाफ, काढा, छातीला तेल यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने जवळच्या रुग्णालयात न्या. वाटेत तिला आडवी न करता पुढे झुकवून बसवा आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे स्पेसरमधून निळ्या पंपाचे फवारे देत राहा.